एकाच नावाची बाटली कधी ताजी, कधी पुठ्ठ्यासारखी का लागते? आणि इंग्लंडातली 'रिअल एल' म्हणजे काय?

हळदबाजार (सांगली)

प्रश्न दोन आहेत, पण मुळाशी एकच गोष्ट असावी असं वाटतंय, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

विश्रामबाग भागातल्या बिअर शॉपीतून घेतलेली एकाच कंपनीची, एकाच नावाची बाटली कधी छान हलकी कडवट लागते, तर कधी ओल्या पुठ्ठ्यासारखी. हिरव्या बाटल्यांना मधूनच एक उग्र, नको वाटणारा वास येतो. मार्च ते मे हा त्रास जास्त. माल डुप्लिकेट असतो की ठेवण्यात चूक होते? बाटली निवडताना नेमकं काय बघायचं?

दुसरं, जूनमध्ये तीन आठवडे इंग्लंडला मुक्काम आहे, बहुतेक दिवस लीड्सला आणि शेवटचे दोन लंडनला. तिथली रिअल एल ही बिअर कोमट आणि बिनगॅसची असते असं जो तो सांगतो. मग तिचं एवढं कौतुक का? कुठली घ्यावी, कुठल्या पबमध्ये, आणि चांगली-वाईट ओळखायची कशी? स्ट्राँगची शिफारस नको, चवीचं बोलायचं आहे.

कृष्णाकाठ

डुप्लिकेटची शंका काढून टाका. बिअर हा शिळा होणारा माल आहे. झाकण पक्कं असतं म्हणून लोक तिला रमच्या रांगेत बसवतात, पण तिची जात पावाची. तुम्हाला लागलेल्या दोन चवी हे दोन वेगळे रोग आहेत आणि दोन्हींची कारणं ठरलेली आहेत.

ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजनचं काम. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी थोडी हवा आत राहते आणि तीच हळूहळू बिअरला शिळं करते. ही क्रिया उष्णतेने पळते. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सांगलीत एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या गोदामात ३८ अंश सहज असतात. २० अंशांना ठेवलेल्या पेटीपेक्षा तिथली पेटी साडेतीन पट वेगाने म्हातारी होते, म्हणजे तिथला एक महिना थंड खोलीतल्या साडेतीन महिन्यांएवढा. लेबलवर सहा महिने लिहिलेले असले तरी चव त्याच्या खूप आधी गेलेली असते.

उग्र वास हे उजेडाचं काम. हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांमधून येणारी द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला कळतो. तपकिरी काच हा घातक उजेड बहुतांशी अडवते, हिरवी फार थोडा अडवते, पांढरी म्हणजे पारदर्शक जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे हायनेकेन, टुबोर्ग, कार्ल्सबर्ग यांच्या हिरव्या बाटल्या आणि कोरोनाची पांढरी बाटली दुकानाच्या काचेत शोभेला मांडलेली असेल तर त्या रांगेतली घेऊच नका. थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. ट्यूबलाइटखाली काही दिवस लागतात. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही, म्हणून हिरव्या बाटलीतली जी बिअर कॅनमध्येही मिळते ती डोळे मिटून कॅनमध्ये घ्यावी.

घेताना काय करायचं: आधी उत्पादनाची तारीख. बाटलीवर ती लेबलाच्या कडेला किंवा मानेवर छापलेली असते, कॅनवर बुडाला. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, तीनपर्यंत चालेल, पाचव्या महिन्यातली 'ऑफर'मध्ये मिळाली तरी नको. उन्हाळ्यात ही मर्यादा आणखी आवळा. फ्रिजच्या दारामागची पहिली बाटली उचलू नका, मागच्या रांगेतली मागा, उजेड कमी लागलेला असतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे दुकानदाराला विचारायचं की गाडी कोणत्या वारी येते, आणि दुसऱ्या दिवशी जायचं. ज्या दुकानात तुमच्या नावाची बिअर भरपूर खपते तिथूनच घ्या. दहा प्रकार मांडून ठेवणाऱ्या पण गिऱ्हाईक नसलेल्या दुकानापेक्षा तीनच प्रकार विकणारं गर्दीचं दुकान केव्हाही बरं. दुर्मीळ परदेशी बाटली तालुक्याच्या गावात दिसली की हुरळून जाऊ नका. ती तिथवर कशी आली आणि किती दिवस उभी आहे हे आधी तारखेवर वाचा.

घरी आणल्यावर उभी ठेवायची, आडवी नाही. आडवी ठेवली की हवेशी संपर्काचा पृष्ठभाग वाढतो. आणि फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात. दारातलं तापमान दिवसभर खालीवर होतं.

तानपुरा_मिरज

वरचं सगळं बरोबर. पण ताजी बाटली आणूनही अर्धी मजा ग्लासात जाते, त्याबद्दल.

आपल्याकडे ग्लास ज्या घासणीने घासला जातो तिनेच आमटीची कढई घासलेली असते. डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर राहतो आणि तेल हा फेसाचा शत्रू. तपासायची रीत सोपी: ग्लास पाण्याने ओला करा, आतून मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर तीही घाणीचीच खूण, गॅस जास्त असल्याची नव्हे. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची एकेक जाळीदार कडी भिंतीवर उरते. चार घोट घेतले की चार कड्या मोजता आल्या पाहिजेत.

धुवायला वेगळा स्पंज, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. मग भरपूर पाण्याने खळबळून उपडा ठेवून वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लासही नको. त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, तो बिअरमध्ये उतरतो आणि फेस वेडावाकडा येतो.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका, अर्धा भरला की सरळ, शेवटी दोन ते तीन बोटं फेस. फेस म्हणजे फसवणूक असं समजून कडेकडेने ओतणारे बरेच असतात. फेस आलाच नाही तर सगळा गॅस पोटात जातो आणि वास नाकापर्यंत पोहोचत नाही.

गार करण्याची घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी मीठ. ६५० मिलीची बाटली १५ ते २० मिनिटांत पिण्याजोगी होते. नुसत्या बर्फात वेळ लागतो कारण मधल्या फटींमध्ये हवा असते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बाटली तडकते.

आणि ते ग्लिसरीनचं. बिअरमध्ये ग्लिसरीन असतं असं समजून बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून 'ग्लिसरीन काढण्याचा' प्रकार अजून सगळीकडे चालतो. तोंडातून खाली उतरणारी जी धार दिसते ती निव्वळ बिअर असते. आंबवून झाल्यावरही बिअरमध्ये थोडी साखर आणि इतर घटक विरघळलेले राहतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते आणि खाली बसते. पाण्यात मिठाचं पाणी सोडलं तर त्याचीही अशीच रेघ दिसेल. चांगली बिअर पाण्यात घालवू नका, आणि तेच पाणी बाटलीत शिरून उरलेली पातळ होते ते वेगळंच.

अजिंक्यतारा

आता रिअल एलकडे. 'कोमट आणि बिनगॅसची' हे दोन्ही शब्द चूक आहेत.

लागर, म्हणजे आपली नेहमीची बाटलीतली बिअर, कारखान्यात गाळतात, बहुतेक वेळा पाश्चराइज करतात, वरून कार्बन डायऑक्साइड भरतात. रिअल एल यातलं काहीच न करता, जिवंत यीस्टसकट पिंपात भरली जाते. आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात, त्याच पिंपात पुरा होतो. गॅस आतला आतच तयार होतो आणि बाहेरून गॅसचा दाब न देता ती हातपंपाने वर ओढतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅमरा' या ग्राहक चळवळीने हीच व्याख्या धरून लढा दिला. त्या काळी मोठ्या कंपन्या पबमधून ही बिअर काढून टाकून गॅसच्या दाबावरची बिअर बसवत होत्या. 'रिअल एल' हा शब्द रूढ केला तो या चळवळीनेच.

पिंपातली बिअर ११ ते १३ अंशांना देतात. माठातल्या पाण्यापेक्षा ती चांगली गार असते, फक्त फ्रिजइतकी नसते. ४ अंशांना जीभ बधिर होते आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) बिस्किटासारखा वास, हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा किंवा मातकट वास लागतच नाही. गॅस असतोच: बिअरच्या आकारमानाच्या साधारण एकपट. लागरमध्ये तो अडीचपट असतो म्हणून सवयीने ती फिकी वाटते. पहिला पाइंट, म्हणजे तिथला मोठा ग्लास, संपेपर्यंत धीर धरा.

तळघरात काय चालतं ते समजलं की पब ओळखणं सोपं जातं. नेहमीचं पिंप 'फर्किन', ९ गॅलनचं, म्हणजे ४१ लिटरच्या जवळपास, ७२ पाइंट. ते आलं की आडवं मांडतात आणि हलवत नाहीत. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, जास्तीचा गॅस तिच्यातून फसफसत निघतो. फसफस मंदावली की ती काढून घट्ट खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला गॅस आत टिकतो. गाळ तळाशी बसायला एक ते दोन दिवस. काही एल तीन दिवसही मागतात. मग पुढच्या बुचात लाकडी हातोडीच्या एका फटक्यात तोटी. घाई केली की बिअर गढूळ आणि गंधकाच्या वासाची निघते. आणि एकदा तोटी लागली की घड्याळ सुरू: जेवढी बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत येते. तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे, नाहीतर आधी चव बसते, मग आंबूस होते.

आता गणित करा. गाळ वजा जाता ७० पाइंट धरले तर एका पंपावर दिवसाला २३-२४ पाइंट खपायला हवेत. सहा पंप असलेल्या पबला दिवसाला १४० पाइंट विकावे लागतात. मंगळवारी दुपारी रिकाम्या पबमध्ये आठ पंप दिसले तर तिथे एल घेऊ नका. दोनच पंप आणि दहा गिऱ्हाइकं, तिथे बिनधास्त घ्या. कृष्णाकाठ यांनी बिअर शॉपीबद्दल सांगितलं तेच इथे लागू: खप हाच ताजेपणा.

शेफील्ड_व्हाया_कराड

लीड्सला मुक्काम म्हणजे तुम्ही योग्य जागी आहात. नावं देतो.

लीड्सच्या ऐन बाजारात ब्रिगेट रस्त्याला एका बोळात 'व्हाइटलॉक्स' आहे, १७१५ पासूनचा. लांबट अरुंद खोली, फरशी लावलेला बार, पितळ आणि आरसे. सुरुवात इथून करा. दुपारी तीन-चारला जा, संध्याकाळी उभं राहायला जागा मिळत नाही.

मग रेल्वेने अर्ध्या तासावर कीथली. टिमथी टेलर ही ब्रुअरी तिथलीच आणि गावातला 'बोल्टमेकर्स आर्म्स' हा तिचा छोटासा पब. तिथे 'लँडलॉर्ड' प्या. ४ टक्क्यांच्या थोडी वर, सोनेरी-तांबूस, आधी मधासारखा माल्ट आणि मागून फुलांच्या वासाचा कडवटपणा. ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा मान तिने १९८२, १९८३, १९९४ आणि १९९९ असा चार वेळा मिळवलाय. अजिंक्यतारा यांनी 'काही एल तीन दिवस मागतात' म्हटलंय, त्यातली ही. तळघरात घाई झालेली लँडलॉर्ड आणि मुरलेली लँडलॉर्ड यांत कच्च्या आणि पिकलेल्या आंब्याएवढा फरक. म्हणून ती घरच्याच पबमध्ये प्यावी.

शेफील्डला एक दिवस द्या. केलहम आयलंड भागात 'फॅट कॅट' आणि 'केलहम आयलंड टॅव्हर्न' एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर. दुसऱ्याला २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं कॅमराचा देशातला सर्वोत्तम पब म्हणून निवडलं होतं. इथे गडद बिअर मागा, पोर्टर किंवा माइल्ड. एक सावधगिरी: आपल्याकडे बाटलीवर 'माइल्ड' म्हणजे स्ट्राँग नसलेली लागर. तिकडे माइल्ड हा वेगळाच प्रकार, बहुधा काळपट, हॉप्स कमी, ३ ते ३.८ टक्के. भाजलेल्या कणकेचा आणि किंचित गुळाचा वास.

लंडनला चेरिंग क्रॉस स्टेशनजवळ 'द हार्प', आणि बरो भागात टॅबर्ड स्ट्रीटवर 'रॉयल ओक'. रॉयल ओक हा ससेक्सच्या हार्वेज ब्रुअरीचा पब. 'ससेक्स बेस्ट', ४ टक्के, कोरडी, मातकट, हॉप्सची. लँडलॉर्ड आवडली आणि ही नाही आवडली तरी दोन्ही शेजारी ठेवून कळणारा उत्तर-दक्षिण फरक महत्त्वाचा. उत्तरेत पंपाच्या नळीला बारीक भोकांची टोपी लावतात, फेस दाट साईसारखा येतो आणि कडवटपणा थोडा मऊ होतो. दक्षिणेत टोपी नसते, फेस पातळ. लंडनमध्ये फेस कमी दिसला म्हणून बिअर शिळी ठरवू नका.

रीतभात: टेबलावर बसून वेटरची वाट बघायची नाही. बारपाशी जायचं, तिथेच पैसे द्यायचे. पाइंट ५६८ मिली; अर्धा मागायला संकोच नको, चार प्रकार चाखायचे तर अर्धाच बरा. 'आज कुठलं पिंप लावलंय?' असं विचारलं की चांगला बारमन खूश होतो. हातपंपाची असेल तर बहुतेक ठिकाणी घोटभर चाखायलाही देतात. व्हिनेगरचा वास, लोण्याचा उग्र वास किंवा पूर्ण मेलेली चव असेल तर दोन घोटांत ग्लास बारवर परत न्यायचा. ते बदलून देतात. अर्धा संपवून तक्रार करायची नाही.

हळदबाजार (सांगली)

सगळ्यांचे आभार, तारखा तपासायला सुरुवात केलीय. शॉपीत समोरच्या रांगेतल्या हिरव्या बाटल्या चार महिन्यांपूर्वीच्या निघाल्या, मागच्या रांगेतले कॅन पाच आठवड्यांचे.

तीन शंका. सोबत येणारे एक जण काटेकोर शाकाहारी आहेत, त्यांना एल चालेल का? इथे घरी बिअरबरोबर भडंग असतंच, ते कशाबरोबर जमतं? आणि इंग्लंडला जाण्याआधी एलची तोंडओळख पुण्यात होईल का?

अजिंक्यतारा

शाकाहाराचा प्रश्न नीट विचारलात. पिंपातल्या एलचा गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालतात, त्याला आयसिंग्लास म्हणतात. तो गाळाबरोबर तळाशी बसतो, पण काटेकोर शाकाहाऱ्याला चालणार नाही. बारवर 'अनफाइन्ड' (असं काही न घातलेली) किंवा 'व्हीगन' आहे का विचारा. अशा एल आता बऱ्याच मिळतात आणि त्या मुळातच थोड्या गढूळ असतात, म्हणून गढूळपणाची तक्रार करू नका. 'मिल्क स्टाउट' या काळ्या बिअरमध्ये दुधाची साखर असते. दूध चालणाऱ्यांना ती चालेल, पण ती आयसिंग्लासने निवळलेली नाही ना, हे तिथेही विचारावंच लागेल.

पुण्यात डूलाली २००९ पासून आहे, मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आहे. जागेवर केलेली, न गाळलेली ताजी बिअर मिळते. ती हातपंपाची रिअल एल नव्हे, गॅसवरची असते, पण जिवंत बिअरची चव कळायला पुरे. आधी गव्हाची हेफेवायझन घ्या. केळं आणि लवंग हे दोन्ही वास त्यात स्पष्ट येतात, आणि दोन्ही यीस्टने केलेले असतात, वरून काही घातलेलं नसतं. तो वास ओळखता आला की यीस्ट काय करतं हे जिभेला कळलं. मग पेल एल आणि स्टाउट, पण थंडगार आली तर दहा मिनिटं टेबलावर राहू द्या. मिरजेहून रेल्वेने जा, रात्री मुक्काम करा, गाडी चालवत परतायचा बेत नको.

तानपुरा_मिरज

भडंगाबद्दल. त्यात लसूण, तिखट, मीठ आणि तेल. खूप कडू बिअरबरोबर तिखट आणखी बोचतं, म्हणून आयपीए ही कडवट एल नको. साधी ताजी लागर ६ अंशांना, किंवा गव्हाची बिअर. होगार्डन मिळाली तर तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, भडंगातल्या लसणाशी ते छान जमतं. ती बाटली संपत आली की तळाचं दोन बोटं राहू द्यायचं, हलकेच गोल फिरवायचं आणि तो गाळ वरून ओतायचा. त्याशिवाय ती अर्धीच लागते.

खारे शेंगदाणे कशाबरोबरही चालतात. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र स्टाउटबरोबर करून बघाच: पेढ्यातला भाजलेला खवा आणि स्टाउटमधलं भाजलेलं सातू एकाच जातीचे वास देतात. पेढा एक, स्टाउट १० ते १२ अंशांना, छोटा घोट.

आणि मसाला पापड खाल्ल्यावर ग्लासाला तोंड लावण्याआधी ओठ पुसा. ओठावरचं तेल फेसाला लागलं की जाळी तिथून फाटत जाते, दोन मिनिटांत सपाट.